एका बॅकस्लॅशसाठी चार

पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमने एखाद्या फायलीतला एकच बॅकस्लॅश शोधावा असं वाटत असेल, तर रेग्युलर एक्स्प्रेशनचा नमुना साध्या अवतरणांत असा लिहावा लागतो: "\\\\". एक शोधायला चार. जावात तोच एक काढून त्या जागी दोन ठेवायचे असतील, तर बदलीच्या मजकुरात आठ ठोकावे लागतात. पर्ल भाषेच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत या प्रकाराला कलंडलेल्या टूथपिकांचा आजार अशा अर्थाचं नावच दिलेलं आहे.

या आजारावर औषध हवं की सवय, यावर पुण्यातल्या एका घरात मामा आणि भाची यांचं कधीच एकमत होत नाही. मामांनी बँकेच्या संगणक विभागात सी आणि युनिक्सवर नोकरी केली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. भाची हिंजवडीत सर्व्हरचा कोड लिहिते. तिच्या मते बॅकस्लॅश ही भाषारचनेतली जुनी खोड आहे आणि ती मोडायला हवी. मामांच्या मते खोड बॅकस्लॅशची नाही, तो न समजता वापरणाऱ्यांची आहे.

“अगं, चार म्हणजे उधळपट्टी नाही, सरळ हिशेब आहे,” मामांचा पहिला मुद्दा ठरलेला. “तुझी ओळ दोघं जण वाचतात. आधी पायथन वाचतो. त्याला दोन दिसले की तो एक धरतो, म्हणजे चाराचे दोन झाले. हे दोन रेग्युलर एक्स्प्रेशनच्या इंजिनाकडे जातात. तेही दोनाचा एक करतं. वाचणारे दोन, म्हणून दोनदा दुप्पट. यात अडलं कुठे?”

“अडलं इथेच, की हा हिशेब मी का ठेवायचा?” भाची म्हणते. “अवतरणाच्या आधी नुसता आर लावला की पायथन आतल्या मजकुराला हात लावत नाही. चाराचे दोन होतात. यंत्राचं काम यंत्राकडे.”

हे तंत्र म्हणजे रॉ स्ट्रिंग, कच्चा मजकूर. त्याच्याकडे पुढे यावंच लागेल, कारण तेही वाटतं तितकं सरळ नाही. पण त्याआधी हे चिन्ह इतक्या मोक्याच्या जागी आलं कसं, ते पाहायला हवं.

आयबीएममधले बॉब बेमर यांनी १९६१ साली बॅकस्लॅशचा आग्रह धरला, तेव्हा त्यांच्या डोक्यात एस्केपिंग, म्हणजे पुढच्या अक्षराचा नेहमीचा अर्थ बाजूला ठेवायला सांगणं, नव्हतं. अल्गॉल भाषेत ‘आणि’ व ‘किंवा’ यांसाठी तर्कशास्त्रातली दोन टोकदार चिन्हं होती. ती टंकयंत्रावर नव्हती. पुढे झुकलेली आणि मागे झुकलेली अशा दोन रेघा शेजारी ठेवल्या की /\ आणि \/ अशी दोन्ही जमतात, एवढाच हेतू. १९६३च्या आस्की मानकात बॅकस्लॅशला ९२ क्रमांक मिळाला. अल्गॉलवाल्यांना त्याचा किती उपयोग झाला हा वेगळा विषय. कळफलकावर मात्र एक जवळजवळ बिनकामाचं चिन्ह आलं.

बिनकामाचं होतं म्हणूनच ते उपयोगी पडलं. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन यांनी केलेल्या बी भाषेत नवी ओळ दाखवायला आधी तारा, म्हणजे गुणाकाराचं चिन्ह, आणि पुढे एन असं लिहीत. ताऱ्याला इतरही कामं होती. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बीमधून सी घडवली, तेव्हा हे काम बॅकस्लॅशकडे दिलं. पुढे एन आला तर नवी ओळ, टी आला तर टॅब, अवतरण आलं तर ते अवतरण मजकुराचाच भाग, आणि खुद्द बॅकस्लॅश हवा असेल तर तो दोनदा. सी++, जावा, जावास्क्रिप्ट, पायथन, पीएचपी या सगळ्यांनी हा नियम थोड्याफार फरकाने उचलला.

“एक चिन्ह, एक नियम,” मामा म्हणतात. “पुढच्या अक्षराचा नेहमीचा अर्थ सोड. झालं. पन्नास वर्षं टिकलंय.”

भाची म्हणते, “टिकलंय म्हणजे बरं आहे असं नाही ना, मामा. तुझ्या कॉलेजातल्या फोर्ट्रानमध्ये तर एस्केपिंगच नव्हतं.”

हे तिचं म्हणणं चुकीचं नाही. जुन्या फोर्ट्रानमध्ये मजकुराला अवतरणं नसत. आधी अक्षरांची संख्या, मग एच हे अक्षर, आणि त्यापुढे मोजून तितकीच अक्षरं. मजकूर कुठे संपतो हे संख्येनेच सांगितलेलं असल्यामुळे आत काहीही असलं तरी बिघडत नसे. मामा यावर हसतात. “मोजायचं कोणी? आम्हीच. बारा सांगून अकरा लिहिली की बारावं अक्षर म्हणून तो पुढचा स्वल्पविराम गिळायचा, आणि कंपायलर चूक दाखवायचा भलतीकडे.” यंत्राने यंत्राशी बोलताना आजही ही मोजणीची पद्धत सर्रास वापरतात, कारण यंत्र मोजण्यात चुकत नाही. माणसाच्या हातात ती टिकली नाही. पास्कल आणि एसक्यूएल यांनी तिसरी वाट काढली: मजकुरात अवतरण आलं तर तेच दोनदा लिहा. बॅकस्लॅशची गरजच नाही.

खरा घोळ घातला तो विंडोजच्या पूर्वजाने. १९८१ साली आलेल्या डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हते, आणि आज्ञांना पर्याय जोडायला साधा स्लॅश वापरून झाला होता. मार्च १९८३मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले. युनिक्सप्रमाणे स्लॅशने पत्ता लिहावा तर जुन्या आज्ञा मोडणार. मग पत्त्यासाठी बॅकस्लॅश घेतला. सीमध्ये तोवर दशकभर बॅकस्लॅशचा अर्थ पक्का झालेला होता. परिणाम असा, की सी ड्राइव्हवर ‘टेम्प’ नावाच्या फोल्डरात ‘न्यू’ नावाची फाइल असेल आणि तिचा पत्ता प्रोग्रॅममध्ये जसाच्या तसा लिहिला, तर पहिल्या बॅकस्लॅशपुढच्या टीमुळे टॅब पडतो, दुसऱ्यापुढच्या एनमुळे नवी ओळ होते, आणि ‘फाइल सापडली नाही’ असा निरोप येतो. फाइल तर समोर दिसत असते.

“यात सीचा दोष नाही,” मामा लगेच हात झटकतात.

“दोष कुणाचाही असो, रात्री अकराला लॉग चाळत बसायचं माझ्या वाट्याला येतं,” भाचीचं उत्तर.

इथपर्यंत प्रश्न गैरसोयीचा आहे. प्रोग्रॅमर स्वतःच्या हाताने मजकूर लिहितो, चुकतो, सुधारतो. मजकूर परक्याकडून येऊ लागला की प्रकरण गंभीर होतं. गोव्यात, वसईत, मुंबईत डिसूझा, डिमेलो, डिकॉस्टा ही आडनावं जागोजागी आहेत, आणि रोमन लिपीत बरेच जण ती डी, मग अपॉस्ट्रफी, मग उरलेलं नाव अशी लिहितात. फॉर्ममध्ये भरलेलं नाव जसंच्या तसं एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवणारा प्रोग्रॅम असेल, तर वाक्य तयार होतं ते असं: आडनाव = 'डि'सूझा'. डेटाबेसच्या लेखी मजकूर ‘डि’पाशी संपला. पुढचं ‘सूझा’ ही त्याला आज्ञा वाटते, आणि ती समजत नाही म्हणून तो अडतो. सूझाच्या जागी त्याला समजेल अशी आज्ञा कुणी मुद्दाम लिहिली, तर तो ती पाळतो. जेफ फॉरिस्टल यांनी १९९८च्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकात हा हल्ला मांडला. आज त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात.

पीएचपीने यावर जो उपाय केला तो मामांच्या बाजूला चांगलाच महागात पडतो, आणि भाची तो आवर्जून काढते. नाव मॅजिक कोट्स. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मजकुरातल्या अवतरणाआधी पीएचपी आपणहून बॅकस्लॅश घालायची. प्रोग्रॅमरने विचारच करू नये, अशी सोय. पण सावध प्रोग्रॅमर स्वतःही घालायचा. मग साठवलं जायचं डि\'सूझा. तेच नाव दुरुस्तीसाठी पडद्यावर आलं आणि पुन्हा जतन झालं की डि\\\'सूझा, त्यापुढच्या खेपेला सात बॅकस्लॅश, मग पंधरा. प्रत्येक फेरीत दुप्पट अधिक एक. त्या काळातल्या कित्येक संकेतस्थळांवर नावांत अशा रेघांची रांग दिसायची. शेवटी २००९मध्ये पीएचपी ५.३ने ही सोय कालबाह्य ठरवली आणि २०१२च्या ५.४मध्ये ती काढून टाकली.

मराठी मजकुराची गत याहून गमतीदार होती. युनिकोडच्या आधी सरकारी कचेऱ्यांतून चालणाऱ्या कृतिदेव फॉन्टात देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्याच जागी बसवलेली असत. अर्धा श अपॉस्ट्रफीच्या जागी, अर्धा ष दुहेरी अवतरणाच्या जागी. म्हणजे संगणकाच्या लेखी ‘शाळा’ या शब्दाची सुरुवातच अवतरणचिन्हाने. आपटे, जोशी आणि शिंदे एकाच यादीत असतील तर आपटे बिनबोभाट आत जाणार आणि पुढचे दोघे वाक्य मोडणार. पीएचपीने मदत म्हणून बॅकस्लॅश घातलाच, तर कृतिदेवात त्या जागी दिसतं प्रश्नचिन्ह. शाळेच्या आधी प्रश्नचिन्ह!

“चीनमधली गोष्ट तर तुला ठाऊकच असेल,” भाची पुढे सरसावते. “जीबीके संकेतपद्धतीत एक अक्षर दोन बाइटचं, आणि त्यातला दुसरा बाइट बॅकस्लॅशचाच असू शकतो. हल्लेखोर मुद्दाम अर्धवट अक्षर पाठवतो, त्याच्यामागे अवतरण. तुझा एस्केप करणारा प्रोग्रॅम इमानदारीने मध्ये बॅकस्लॅश घालतो. तो बॅकस्लॅश त्या अर्धवट अक्षराला चिकटतो, एक पूर्ण चिनी अक्षर तयार होतं, आणि अवतरण मोकळं! ज्या कुलपावर तू भिस्त ठेवलीस त्यानेच दार उघडलं.”

मामांना हे नाकारता येत नाही. जपानमध्येही हेच दुखणं होतं. तिथल्या शिफ्ट-जिस पद्धतीत काताकाना लिपीतल्या ‘सो’ या अक्षराचा दुसरा बाइट बॅकस्लॅशचा, त्यामुळे ‘सो’ने संपणारा शब्द अवतरणांत लिहिला की साधा सी कंपायलर शेवटचं अवतरण गिळायचा. जपानी प्रोग्रॅमर अशा अक्षरापुढे एक जादा बॅकस्लॅश लिहून वेळ मारून नेत. शिवाय जपानी संगणकांवर ९२ क्रमांकाला येनचं चिन्ह दाखवायची पद्धत पडली, त्यामुळे तिथल्या विंडोजवर फोल्डरच्या पत्त्यात जागोजागी ¥ दिसतो. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत यूटीएफ-८ची मांडणी केली, तेव्हा ही कटकट मुळातच मिटवली: अनेक बाइटच्या अक्षरात आस्कीचा एकही बाइट येणार नाही. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह त्यात तीन बाइट घेतं, पण त्यात बॅकस्लॅश लपू शकत नाही.

“म्हणून म्हणते, एस्केप करूच नका,” भाचीचा निष्कर्ष. “डेटाबेसला वाक्य वेगळं द्या, नाव वेगळं द्या. वाक्यात जागा मोकळी सोडा. नावात दहा अवतरणं असली तरी डेटाबेस त्यात आज्ञा शोधायला जात नाही.”

डेटाबेसपुरतं तिचं म्हणणं निर्विवाद आहे. परक्याचा मजकूर हाताने एस्केप करून एसक्यूएलमध्ये चिकटवणं आज कुठल्याही जाणत्या माणसाला मान्य होणार नाही, मामांनाही नाही. पण ते लगेच विचारतात, “आणि वेबपानाचं काय करशील? तिथे मजकूर आणि खुणा एकाच फायलीतून जातात. ब्राउझरला दुसरी वाट नाही. कुणी नावात कोनी कंस लिहिला, तर तो बदलूनच पाठवावा लागणार. तू नाही बदललास तर तुझं फ्रेमवर्क बदलणार. एस्केपिंग गेलं नाही, तुझ्या नजरेआड झालं एवढंच.” यावर भाचीकडे चोख उत्तर नाही. नजरेआड झालेलं बरं, असं ती म्हणते. आणि ते अगदीच चूक नाही, कारण एका जागी नीट तपासून लिहिलेला कोड हजार जागी घाईत लिहिलेल्या कोडपेक्षा केव्हाही भरवशाचा.

मात्र एका जागी नीट लिहिलेला कोडही दगा देऊ शकतो, याचं उदाहरण २६ जानेवारी २०२१ रोजी जगापुढे आलं. युनिक्स-लिनक्सवर साध्या वापरकर्त्याला प्रशासकाचे अधिकार देणारी सुडो ही आज्ञा १९८०च्या सुमारास जन्मली आणि आज जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर असते. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं, की तिला एका ठरावीक पद्धतीने हाक मारून शेवटी एकच सुटा बॅकस्लॅश असलेला मजकूर दिला, तर यंत्रावरचा कुठलाही वापरकर्ता पूर्ण मालक होऊ शकतो. पासवर्ड लागत नाही. ही चूक जुलै २०११पासून कोडमध्ये होती. साडेनऊ वर्षं.

चूक जवळून पाहण्यासारखी आहे. सुडोला शेलमार्फत आज्ञा चालवायची असेल, तर ती प्रथम मजकुरातल्या विशेष चिन्हांआधी बॅकस्लॅश घालते. पुढे दुसऱ्या एका जागी, नियम तपासताना, ते बॅकस्लॅश काढले जातात. काढणारा कोड म्हणतो: बॅकस्लॅश दिसला आणि पुढे मोकळी जागा नसेल, तर बॅकस्लॅश सोड आणि पुढचं अक्षर उचल. सीमध्ये मजकुराच्या शेवटी शून्याचा बाइट असतो, तिथे थांबायचं हा संकेत. शेवटचं अक्षरच बॅकस्लॅश असेल तर ‘पुढचं अक्षर’ म्हणजे हाच शून्य. कोड त्यालाही साधं अक्षर समजून उचलतो, एक पाऊल पुढे जातो, आणि मजकुराची हद्द ओलांडून शेजारची स्मृती वाचत-लिहीत सुटतो. रीतसर एस्केप झालेल्या मजकुरात सुटा बॅकस्लॅश शेवटी येऊच शकत नाही, म्हणून कुणाला काळजी वाटली नव्हती. पण फाइल संपादित करण्याच्या हाकेत एका विशिष्ट पर्यायासह आत गेलं, की घालणारा कोड चालत नसे आणि काढणारा मात्र चालत असे.

“बघ,” भाची म्हणते. “तुझा एक चिन्ह, एक नियम.”

“नियम पाळलाच कुठे?” मामा उसळतात. “घातलेले नव्हतेच, तर काढले कशाला? एका खात्याने पैसे जमा केले नाहीत आणि दुसऱ्याने वजा केले, तर तू पैशाला दोष देशील का?”

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाचा हा युक्तिवाद खोडणं अवघड आहे. मॅजिक कोट्समध्ये दोनदा घातलं आणि एकदा काढलं. सुडोत शून्य वेळा घातलं आणि एकदा काढलं. चार बॅकस्लॅशांच्या कोड्यातही अडचण तीच: ओळ किती जण वाचणार आहेत हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. पण मग भाचीचा प्रश्नही तसाच उभा राहतो. साडेनऊ वर्षं जगभरच्या जाणकारांच्या डोळ्यांखालून जो हिशेब चुकीचा गेला, तो रोज प्रत्येकाने बरोबर ठेवावा ही अपेक्षा वाजवी आहे का? नसावी. परक्या मजकुराबाबत पारडं तिच्याकडे झुकतं.

स्वतः लिहायच्या मजकुराबाबत तसं म्हणता येत नाही, कारण रॉ स्ट्रिंगची गोम शेवटच्या चिन्हात आहे. आत काहीही चालतं म्हटलं, तरी मजकूर संपल्याची एक खूण लागतेच, आणि ती खूण आत आली की पुन्हा पहिल्या प्रश्नावर. सी++ने २०११मध्ये यावर तोडगा काढला: संपल्याची खूण लिहिणाऱ्यानेच ठरवावी, १६ अक्षरांपर्यंत. रस्टमध्ये अवतरणाशेजारी हवे तितके हॅश लावता येतात. “म्हणजे बॅकस्लॅश मोजायचं सोडून हॅश मोजायचे,” हा मामांचा शेरा. जावाने तर २०१८च्या डिसेंबरात तोंडाशी आलेली रॉ स्ट्रिंगची योजना मागे घेतली. २०२०मध्ये अनेक ओळींचा मजकूर लिहायची सोय जावा १५मध्ये आली, पण बॅकस्लॅशचा अर्थ तिच्यात कायम ठेवला.

जेसन या लोकप्रिय देवाणघेवाणीच्या स्वरूपात रॉ स्ट्रिंग नाहीच. पायथनकडून ‘मराठी’ हा शब्द जेसनमध्ये लिहून घेतला, तर नेहमीच्या मांडणीत पाच चिन्हांची तीस होतात: प्रत्येकाच्या जागी एक बॅकस्लॅश, यू हे अक्षर आणि चार आकडे किंवा अक्षरं. थेट यूटीएफ-८मध्ये तो पंधरा बाइटांत मावतो. भाचीला याचा राग येतो, कारण मराठी नावं असलेला लॉग तिला वाचता येत नाही. मामा म्हणतात, “वाटेत कोण जुनं यंत्र बसलंय ठाऊक नसतं. सगळं आस्कीत पाठवलं की कुठेही मोडत नाही.” हा पर्याय एका शब्दाने बंद करता येतो आणि तिने तो केव्हाच बंद केला आहे.

मामांनी निवृत्तीनंतर घरच्या कामासाठी लिहिलेला एक छोटा पायथन प्रोग्रॅम आहे. बँकेच्या मेसेजमधून रकमा आणि तारखा वेचून विंडोजवरच्या एका फोल्डरात ठेवणारा. आकडा ओळखायला त्यांनी बॅकस्लॅश आणि डी असं साध्या अवतरणांत लिहिलं होतं. सीची सवय असूनही आळस केला, कारण अनोळखी जोडी दिसली की पायथन ती तशीच सोडून द्यायचा. २०१६च्या ३.६ आवृत्तीपासून ही सवलत नकोशी ठरवली गेली, आणि २०२३च्या ३.१२पासून अशा प्रत्येक ओळीवर ठळक इशारा येतो. मामांच्या पडद्यावर इशाऱ्यांची माळ लागली. भाचीने प्रत्येक अवतरणाआधी आर लावत दोन मिनिटांत ती साफ केली. फोल्डरच्या पत्त्याला मात्र आर लावून त्यातले दुहेरी बॅकस्लॅश एकेरी करताच पायथनने प्रोग्रॅम चालवायलाच नकार दिला, कारण पत्ता बॅकस्लॅशने संपत होता आणि रॉ स्ट्रिंगच्या शेवटी सुटा बॅकस्लॅश पायथनला चालत नाही. तिने आर काढला, पत्त्यातला प्रत्येक बॅकस्लॅश पुन्हा दोनदा लिहिला आणि फाइल जतन केली. “पुढच्या वेळी साधा स्लॅश लिही, विंडोजला तोही समजतो,” ती म्हणाली. मामा म्हणाले, हे त्यांना १९८३पासून ठाऊक आहे.